डायलला हात लावू नका

माझ्या एका मित्राच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक चिठ्ठी असते. प्लास्टिकच्या कव्हरात जपलेली. तिच्यावर तीन ओळी आहेत. डायलला हात लावू नका. केसला पॉलिश मारू नका. पार्ट बदललात तर जुना पार्ट परत द्या. पहिल्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या. घड्याळ दुरुस्तीला टाकताना तो ही चिठ्ठी काउंटरवर ठेवतो. घड्याळजी ती वाचतात आणि लग्नाच्या पंक्तीत बसून कुणी ‘मला वाढू नका, नुसतं बघू द्या’ म्हणावं तसे त्याच्याकडे बघतात.

‘नाव छापू नकोस,’ त्यानं मला आधीच बजावलं. ‘एक म्हणजे घरात कळंल कुठल्या घड्याळाला किती दिले ते. दुसरं म्हणजे भाव वाढतोय.’

तेव्हा नाव नाही. शाहूपुरीत त्याचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वय पन्नाशीच्या पुढचं, आणि घड्याळांचा नाद आहे, एवढं पुरे. छंद हा शब्द कोल्हापुरात शाळेतल्या निबंधापुरता वापरतात. त्यापुढचं सगळं नाद. कुणाला कुस्तीचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला आपल्या पेठेच्या फुटबॉल टीमचा. नादाला हिशेब नसतो आणि नाद असलेल्या माणसाला ‘कशाला?’ असं विचारायचं नसतं. मी अकरा वर्षं विचारलं नाही. या लेखासाठी मात्र विचारलं.

अकरा वर्षं तो एकच घड्याळ शोधत होता. फेवर ल्युबा कंपनीचं सी स्काय.

फेवर ल्युबा हे नाव पन्नाशीपुढच्या मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागून घेणाऱ्या नवरदेवांच्या पिढीत हे नाव घराघरांत होतं, आणि बहुतेक घरांत ते ‘फेवरलुबा’ असं एका दमात म्हटलं जाई. सी चीफ, सी किंग, सी रेडर ही त्यातली नेहमीची मॉडेलं. किल्ली द्यायची, साधी, दणकट. मूळ कंपनी स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्ल या गावची; तिचं मूळ सांगतात ते १७३७ सालचं, म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या हयातीतलं. १८६५ मध्ये ती भारताच्या बाजारात आली. मुंबईचा राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. त्यावरचं घड्याळ मुंबईला वेळ सांगू लागलं त्याआधीच ही मंडळी इथं वेळ विकत होती.

पण सी स्काय वेगळं. ते क्रोनोग्राफ. मराठीत याला शब्द नाही. दुकानात लोक म्हणतात, ‘ते आत तीन घड्याळं असलेलं घड्याळ’, आणि तेवढं पुरतं.

त्यात होतं काय, हे मी मित्राच्या दुकानातल्या काउंटरवर, एका जुन्या सिकोचं झाकण उघडून बघितलं. मधला लांब सेकंदकाटा बाराच्या आकड्यावर निपचित उभा असतो. वरचं बटण दाबलं की तो पळायला लागतो, परत दाबलं की थांबतो. खालचं बटण दाबलं की टुणकन शून्यावर. लहान डायलांपैकी एक नेहमीचे सेकंद दाखवते, बाकीच्या गेलेली मिनिटं आणि तास मोजतात. बघणाऱ्याला गंमत वाटते ती त्या टुणकन परत येण्याची. काटा सतरा सेकंदांवर असो की एकोणपन्नास, एका दाबात तो नेमका शून्यावर येतो कसा? आत काट्याच्या दांड्यावर पत्त्यातल्या बदामासारखा एक चिमुकला तुकडा बसवलेला असतो. बटण दाबलं की एक हातोडी त्या बदामावर येऊन पडते. बदामाच्या कुठल्याही बाजूवर ती पडली तरी घसरत घसरत खोबणीतच जाते, आणि खोबण म्हणजे शून्य. अडॉल्फ निकोल या घड्याळजीनं १८४४ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. आजही लाखांच्या घड्याळात हाच बदाम असतो.

क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. तो शब्द खरोखरच लिहिणाऱ्या यंत्रावरून आला. १ सप्टेंबर १८२१ रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती झाल्या, तेव्हा निकोला रिउसेक यानं आणलेलं यंत्र फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकत होतं. एकेक घोडा रेषा ओलांडायचा आणि एकेक ठिपका पडायचा. घोडा पुढं की मागं, हे डोळ्यांना दिसतं. पण किती पुढं, हे लिहून ठेवावं असं वाटलं तिथून क्रोनोग्राफ सुरू झालं.

मित्राला हा फरक फार आवडतो, कारण तो आपल्याकडं बैलगाडा शर्यतीत जिवंत आहे. सातारा-सांगली-कोल्हापुराकडं गाड्या शेजारी शेजारी सुटतात; जिंकला कोण ते पंचक्रोशीला दिसतं. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटांत मात्र एकेक बारी एकटीच धावते आणि नंबर लागतो सेकंदांवर. ‘म्हणजे खरी क्रोनोग्राफची माणसं तिकडची,’ तो म्हणतो. ‘आम्ही नुसती आरडाओरडा करणारी.’ सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी दिल्यावर तो मुद्दाम एका घाटात गेला होता, हातात सिको घेऊन. तिथल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राशी त्याचं मोजमाप जुळलं नाही. ‘माझा अंगठा म्हातारा झालाय,’ एवढंच तो त्यावर बोलला.

आता सी स्कायच का, याचं उत्तर. ते त्याच्या धंद्यातल्या भाषेत आहे: इंजिन.

घड्याळाच्या आतल्या यंत्राला आपले घड्याळजी ‘मशीन’ म्हणतात. सी स्कायमध्ये जे मशीन बसवलं जाई त्याचं नाव व्हालजू ७२. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या डबीवर एकाचं नाव आणि आत दुसऱ्याचं मशीन हा राजरोस व्यवहार होता. आपल्याकडं पंपावर नाव एकाचं, कास्टिंग दुसऱ्याचं, तसंच. व्हालजू ७२ हे १९३८ पासूनचं हातकिल्लीचं मशीन. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून ते सेकंदाचा पाचवा हिस्सा मोजतं. चालू-बंद करण्यासाठी आत किल्ल्याच्या बुरुजासारखं कंगोऱ्यांचं एक चाक असतं. बटण दाबताना बोटाला जो मऊ, तुटक ‘कट्’ जाणवतो तो त्या चाकाचा. आणि हेच मशीन, थोडं सुधारून, १९६३ मध्ये बाजारात आलेल्या रोलेक्स डेटोनामध्ये होतं. १९८८ मध्ये स्वयंचलित डेटोना आलं, तोवर याच घराण्याची मशीनं त्यात बसत.

डेटोना म्हणजे या जगातला हिंदकेसरी. नवं घ्यायचं तर पैसे असून भागत नाही, दुकानदाराच्या यादीत नाव लावून वाट बघावी लागते. जुन्याची तर गोष्टच वेगळी. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावघरानं अभिनेता पॉल न्यूमन याचं डेटोना विकलं, १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना. तेव्हाच्या दरानं आपले सुमारे ११५ कोटी रुपये. बायकोनं त्याला दिलेलं घड्याळ. पाठीवर कोरलेलं, गाडी जपून चालव. न्यूमननं ते १९८४ मध्ये मुलीच्या मित्राला असंच देऊन टाकलं. पोरगा त्यांच्या आवारातलं झाडावरचं घर दुरुस्त करत होता, न्यूमननं त्याला वेळ विचारली, त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. संपली गोष्ट. तो मुलगा ते बरीच वर्षं हातात घालून हिंडला.

या गोष्टीत मित्र आकड्यावर थांबत नाही. तो सांगतो की न्यूमनच्या घड्याळाची ती विशिष्ट डायल, लहान वर्तुळांत चौकोनी टिकल्यांची, त्या काळी कुणाला नको होती. साध्या डायलची घड्याळं खपत, ही पडून राहत. म्हणून कमी बनली. म्हणून आज महाग. ‘नीट ऐक,’ तो म्हणतो, ‘ज्याच्यावर कुणी जीव लावला नाही, तेच आता सगळ्यांना पाहिजे.’

मला हे वाक्य तेव्हा शेखी वाटलं होतं. त्याच्याबरोबर वर्षभर हिंडल्यावर त्यात काय अडकलंय ते कळत गेलं.

इंजिन तेच, नाव वेगळं, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. त्यात फेवर ल्युबा म्हणजे आपल्या घरातलं नाव. सी स्काय भारतात कुठंतरी, कुणाच्या तरी कपाटात असणारच, असा त्याचा हिशेब होता. हिशेब अर्धा बरोबर होता. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझनच्या मदतीनं एचएमटीचा कारखाना निघाला आणि सरकारनं देशाला घड्याळ दिलं, तेही सरकारी पद्धतीनं, नंबर लावून. परदेशी घड्याळ यायचं ते बोटीवरच्या पाहुण्याबरोबर, आखाताच्या नोकरीतून, नाहीतर गोदीतल्या अशा वाटेनं ज्याची पावती नसते. असल्या वाटेनं मागवणारा माणूस तीन वर्तुळांचं, दोन बटणांचं, महाग आणि बिघडायला सोपं घड्याळ कशाला मागवेल? तो सी किंग मागवील. क्रोनोग्राफ मागवणारा माणूस आधीच थोडा खुळा असायला हवा. असे खुळे भारतात किती, हा प्रश्न हिशेबाबाहेर राहिला होता.

शोध सुरू झाला तेव्हा आधी मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट. मग पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथं एका चादरीवर दोनशे घड्याळं पसरलेली असतात आणि त्यातलं एकही आपण समजतो ते नसतं. मी एकदा बरोबर गेलो. एक झकास फेवर ल्युबा दिसलं. गर्द निळी डायल, लखलखीत केस, बसल्या जागी शंभर वर्षं चालेल असं. मी उचललं. मित्रानं ते माझ्या हातातून काढून परत चादरीवर ठेवलं, तापलेलं भांडं ठेवावं तसं.

‘मुंबई स्पेशल,’ तो म्हणाला.

हा शब्द जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत चलनी आहे, आणि तो कौतुकाचा नाही. मुंबई स्पेशल म्हणजे जुन्या मशीनला नव्यानं रंगवलेली डायल चढवून, घासूनपुसून, कुठूनकुठून आणलेले काटे लावून उभं केलेलं घड्याळ. रंग असे की मूळ कारखान्यानं स्वप्नातही केले नसते. ओळखायचं कसं? अक्षरं जाड, शाई पसरलेली. सहाच्या आकड्याखाली असायला हवी ती ‘स्विस मेड’ची बारीक ओळ तिरकी, किंवा नाहीच. लहान डायलांत मुळात बारीक गोल रेघांची घडण असते, भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीसारखी दिसते. रंगवलेल्या डायलीत ती भरून गेलेली. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचत नाही, कारण तो दुसऱ्याच घड्याळाचा. परदेशातले लोक याला फसवणूक म्हणतात, आणि नवं जुन्याच्या भावानं विकलं तर ती फसवणूकच. पण मुंबई स्पेशल चोरट्यांच्या डोक्यातून निघालं नाही. ते निघालं चांगल्या दुरुस्तीतून.

सुटे भाग मिळायचे नाहीत. नवं घड्याळ परवडायचं नाही. घामानं, पावसानं, ऊन-दमटानं डायलीवर डाग पडले तर गिऱ्हाईक म्हणायचं, जरा नवं करून द्या. घड्याळजी डायल काढून रंगवायला पाठवायचा, केसला पॉलिश मारायचा, पेट्रोलमध्ये मशीन धुऊन, तेल देऊन, नव्या पट्ट्यासकट हातात द्यायचा. गिऱ्हाईक खूश. आई-वडिलांच्या फोटोला रंग भरून घेणारे आपण. घड्याळाला का सोडू? ज्या घड्याळावर घरच्यांनी जीव लावला ते असं दर दहा वर्षांनी नवं होत गेलं, आणि संग्राहकाच्या दृष्टीनं दर दहा वर्षांनी थोडं थोडं मरत गेलं. जसंच्या तसं राहिलं ते कुठलं? जे लॉकरमध्ये विसरलं गेलं. जे कुणाला आवडलं नाही. जे मालक वारल्यावर डबीत पडून राहिलं. मित्राचं ते वाक्य इथं येऊन बसतं.

गुजरीत गेलो तेव्हा हे आणखी उघड झालं. कोल्हापूरच्या सराफांची ही गल्ली, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. कोल्हापुरी साज इथला. मित्राचा अंदाज, की जुनी सोन्याच्या केसची घड्याळं मोडीला इथंच आली असतील. एका वयस्कर सराफांनी हसून सांगितलं, आली ना, खूप आली. केसचं सोनं काढायचं, वितळवायचं, मशीन गिऱ्हाइकाला पुडीत बांधून द्यायचं. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी झाली, सोनारांच्या हातचं काम गेलं. त्या काळात तर सोनं दिसेल तिथून गोळा व्हायचं. ‘आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या करतात,’ ते म्हणाले, ‘तिथं घड्याळाचं काय घेऊन बसलात? सोनं कधी जुनं होत नाही, घडणावळ होते.’ मित्रानं वही काढून हे वाक्य लिहून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘या गल्लीत माझं कुणी ऐकणार नाही.’

जुन्यावर हात फिरवावा की फिरवू नये हा वाद कोल्हापूरला अगदीच नवा नाही. २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्यानं अंबाबाईच्या मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली तेव्हा पेठापेठांत यावरच चर्चा होती: मूर्ती झिजतेय म्हणून लेप द्यायचा, की झीज हीच तिची ओळख. तो विषय इथं वाढवत नाही. श्रद्धेचं पारडं वेगळं असतं. पण मला त्या दिवसांची आठवण झाली, एवढं खरं. मित्र त्या देवळात वर्षातून दोनदा घड्याळ घेऊन जातो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मधल्या भागावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर यावीत अशी देवळाची बांधणी आहे. लोक हात जोडतात. हा हात जोडतो आणि अंगठ्यानं बटणही दाबतो. किरण किती वेळ थांबलं याची त्याची एक वही आहे, ढगाळ दिवसांसाठी फुल्या मारलेली. पुण्यापेक्षा, मुंबईपेक्षा मला ती वही जास्त आवडली. आणि ती लिहिली गेली ती साध्या, खरवडलेल्या सिकोवर, ज्याला शौकिनांच्या बाजारात फार भाव नाही.

मी त्याला एकदा पुण्यात राजा केळकर संग्रहालयात घेऊन गेलो. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, गावोगाव हिंडून जमवलेल्या दिव्यांच्या, अडकित्त्यांच्या, दौतींच्या त्या वाड्यात तो बराच वेळ अडकित्त्यांपुढं उभा राहिला. माणसांच्या मुठीत वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं पितळ. तिथं वापर हाच दागिना होता. कुणी ‘जसंच्या तसं, न वापरलेलं’ असं लेबल लावलेलं नव्हतं. जिन्यावरून उतरताना तो गप्प होता, आणि त्याच्या गप्प राहण्याचा मला थोडा आनंद झाला, हे कबूल करतो.

दरम्यान वर्षं चालली होती. २०११ मध्ये टायटननं फेवर ल्युबाचं नाव विकत घेतलं. पुढं ते आणखी एका भारतीय कंपनीकडं गेलं आणि सी स्काय नावाचं नवं घड्याळ परत बाजारातही आलं. मित्रानं ते दुकानात हातात घालून बघितलं, चांगलं आहे म्हणाला, आणि काढून ठेवलं. २०१६ च्या सुमाराला एचएमटी घड्याळांचा कारभार गुंडाळला गेला तेव्हा ज्यांनी ती कधी ढुंकून बघितली नव्हती तेही जनता आणि पायलट शोधत हिंडू लागले. या बाजारात भाव मेल्यावरच वाढतो.

त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला आवडते. ल लॉक्ल गावातच झेनिथ नावाचा कारखाना आहे. १९६९ मध्ये त्यांनी एल प्रिमेरो हे स्वयंचलित क्रोनोग्राफचं मशीन आणलं, तासाला ३६,००० ठोक्यांचं. त्याच वर्षी जपानी क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि काही वर्षांत स्विस धंदा आडवा झाला. १९७५ मध्ये अमेरिकी मालकांनी हुकूम काढला: यांत्रिक घड्याळं बंद, अवजारं भंगारात. शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिरानं ऐकलं नाही. रात्री-अपरात्री त्यानं अवजारं कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवली, कशाचं काय ते वहीत लिहून ठेवलं आणि भिंतीआड बंद केलं. दहा वर्षांनी तीच अवजारं काढून मशीन पुन्हा सुरू झालं, आणि १९८८ च्या स्वयंचलित डेटोनात बसलं ते हेच मशीन, रोलेक्सनं बदल करून घेतलेलं. ‘उद्यमनगरात असा एक तरी माणूस प्रत्येक बंद कारखान्यात असतो,’ मित्र म्हणतो. ‘त्याला माळा मिळत नाही.’

दोनदा सी स्काय हाताशी आलं. पहिलं शिरोळ तालुक्यात. मालकानं फोनवर डायलीचं वर्णन इतकं बरोबर सांगितलं की मित्र त्या रात्री झोपला नाही. पण मालक बाहेरगावी, आज जाऊ उद्या जाऊ करता करता ऑगस्ट २०१९ उजाडला. पंचगंगेचा पूर. मित्राच्या स्वतःच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं, त्यामुळे घड्याळ आठवायला पंधरा दिवस गेले. शिरोळच्या त्या घरात आठवडाभर पाणी होतं. कपाटातल्या डबीत घड्याळ सापडलं. काच आतून तपकिरी. झाकण उघडलं तर बुरुजाचं चाक कुठलं आणि हातोडी कुठली हे ओळखू येत नव्हतं, सगळा गंजाचा एक लाडू. मालकांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, न्या, आमच्याकडं तरी काय करायचंय. त्या महिन्यात कोल्हापुरातल्या घड्याळजींच्या काउंटरांवर चिखलानं भरलेली अशी किती घड्याळं होती आणि प्रत्येकाबरोबर कुणीतरी उभं होतं, हे ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल.

दुसरं गेल्या पावसाळ्यात, आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर. उद्यमनगरात फौंड्री असलेल्या एका जुन्या घरातून निरोप आला. घरातले कर्ते दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलानं कपाट आवरताना घड्याळ काढलं आणि मित्राच्या दुकानात पंप-सील घ्यायला आलेल्या मेस्त्रींकडून नाव कळलं.

आम्ही गेलो. चहा झाला. मुलानं रुमालातून घड्याळ काढून टीपॉयवर ठेवलं. सी स्काय. दोन्ही बटणं जागच्या जागी. त्यानं सांगितलं की वडील ते फौंड्रीत वापरायचे. भट्टीतून लॅडल भरली की लोखंड साच्यात ओतायला मोजकी मिनिटं असतात, गार झालं की कास्टिंग बाद. वडील लॅडल भरताना बटण दाबायचे आणि पोरांवर ओरडत सुटायचे. केसच्या कडेला जळाल्याचे दोन बारीक डाग होते, ते तिथले.

मित्रानं डोळ्याला भिंग लावलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो, त्यामुळे घड्याळ न बघताच मला कळलं. डायल रंगवलेली होती. व्यवस्थित, प्रेमानं, मूळच्या रंगाच्या जवळ जाणारी, पण रंगवलेली. अक्षरं जाड. लहान डायलांतल्या गोल रेघा बुजलेल्या. सहाखाली ‘स्विस’ होतं, ‘मेड’ नव्हतं.

‘बाबांनी नवीन करून आणलं होतं,’ मुलगा कौतुकानं म्हणाला. ‘माझ्या मुंजीला.’

मित्रानं त्यांना खरं काय ते सांगितलं. मूळ डायल असती तर काय भाव, आता काय, दोन्ही आकडे. अशा वेळी गप्प बसणारे खूप आहेत. या धंद्यात अर्धी कमाई गप्प बसण्याची असते. मुलगा म्हणाला, विचार करून सांगतो. तीन आठवडे कुणीच फोन केला नाही. त्या तीन आठवड्यांत मित्रानं चिठ्ठीचा विषय काढला नाही आणि मीही नाही. चौथ्या आठवड्यात त्यानं जाऊन घड्याळ घेतलं. किती दिले ते छापायचं नाही.

सर्व्हिसिंगला त्यानं ते महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडं नेलं. व्हालजू ७२ ला हात लावतील असे ते एकच, असं त्याचं मत. चिठ्ठी या वेळी पाकिटातच राहिली. घड्याळजींनी झाकण फिरवून काढलं, मशीन बघून मान डोलावली. सगळं मूळचं होतं. बटण दाबलं, मऊ ‘कट्’; खालचं दाबलं, काटा शून्यावर, केसभरही इकडं-तिकडं नाही. मग त्यांनी झाकण उलटं करून दिव्याखाली धरलं.

घड्याळजींची एक जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख आणि आपली खूण कोरायची. मालकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या घड्याळजीला दिसते. या झाकणात पाच खुणा होत्या. तीन इंग्रजी आकड्यांत. दोन देवनागरी. त्यातली एक १९८६ ची.

घड्याळजींनी भिंग काढून चष्मा लावला, चष्मा काढून पुन्हा भिंग लावलं.

‘ही माझी,’ ते म्हणाले. ‘डायल मुंबईला पाठवून मीच करून घेतली होती. त्यांना लई आवडली होती.’

मित्र काही बोलला नाही. घड्याळजींनी मशीन सोडवलं, पेट्रोलच्या वाटीत एकेक चाक ठेवलं, आणि आम्ही संध्याकाळी परत गेलो तेव्हा घड्याळ चालत होतं. झाकण मात्र अजून उघडं ठेवलेलं होतं. त्यांनी सवयीनं सुई उचलली, मग मित्राकडं बघितलं; चिठ्ठीवाला गिऱ्हाईक म्हणून ते त्याला ओळखत होते.

‘मारू?’

मित्रानं झाकण त्यांच्या बाजूला सरकवलं आणि दिवा जरा खाली ओढून दिला.